देवळाच्या माळवदावरची माती

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी सुटी साधून निघेल, देवळाला एक चक्कर मारील आणि मग फोटो काढायला थेट छतावर चढेल. ते मला नको आहे. घनसावंगीहून गोदावरीच्या अंगाला जीपनं जाता येतं, एवढं पुरे.

१९८८ च्या मे महिन्यात मी चार दिवस तिथे होते. कारणं दोन. एक, माझी मोठी मावसबहीण सुमन. आम्ही तिला सुमाक्का म्हणतो. आमच्या सांगलीकडून लग्न होऊन ती तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. दुसरं, त्या गावातलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक आहे. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशे काढतात, ते आम्ही कापडावर शाईनं उतरवतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या. एखादं बांधकाम आपण स्वतः मोजून काढावं असं बरीच वर्षं डोक्यात होतं. रजा शिल्लक होती. सुमाक्कानं येणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला, "औंदा पहिली पाटी आमच्या घरची हाय. ये, आणि तुझं ते देऊळ एकदाचं मोजून घे."

पाटी हे काय प्रकरण आहे ते मला ठाऊक नव्हतं. टेप, पट्टी, कागदाची गुंडाळी आणि दोन लुगडी पिशवीत टाकली आणि निघाले.

घनसावंगी, शुक्रवार

इकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं कुणी कधी म्हणत नाही. कापसाच्या दुकानासमोर ती उभी होती, मी तिच्याभोवती फिरत होते. ड्रायव्हर टपावर बसून चहा पीत होता.

"मावशी, बसा की."

"निघणार कधी?"

"भरल्यावर. तुम्ही बसल्या तर एक शीट तरी भरल."

"मी बसले की तू दुसरा चहा मागवशील."

"ते बी बराबर हाय," तो म्हणाला आणि दुसरा चहा मागवला.

या चार दिवसांत 'बसा' हा शब्द मी जितका ऐकला तितका आधीच्या चार वर्षांत ऐकला नसेल. दारात गेलं की बसा, देवळात गेलं की बसा, नुसतं रस्त्यानं चाललं तरी ओट्यावरून आवाज येतो, बसा. आमच्याकडे माणूस उभा राहिला की 'काय काम काढलं?' असं विचारतात. मला ते बरं वाटतं. मला बसता येत नाही.

सुमाक्काच्या घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, वर कच्चा कांदा. आमच्याकडे आमटीला कांदा-लसणाचं तिखट. हे येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ, आमटीला दाटपणा आणतं आणि भाकरी चार घास जास्त जाते. सविता वाढत होती. ही सुमाक्काची सून, गेल्या वर्षीच लग्न झालेली, कमी बोलणारी, पण बघते सगळं.

घराच्या छताला कौलं नाहीत, पत्रा नाही. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. याला माळवद म्हणतात. दर उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाला, वर नवी माती टाकून चोपायची, म्हणजे गळत नाही. आत इतका गारवा की बाहेरचा मे महिना विसरावा.

"आणि पाटी म्हणजे काय?" मी विचारलं.

"अगं, देवाचंबी माळवदच की," सुमाक्का म्हणाली. तिची बोली पार तिकडची झाली आहे. "आपल्या घरावर माती टाकायची अन् देवाला गळत ठेवायचं का? वैशाखातल्या शेवटच्या सोमवारी जुन्या घरांतून एकेक पाटी माती देवळावर जाती. सवाष्णीनं न्यायची. पहिली पाटी दरसाल एका घराची, पाळीनं. ती चढल्याबिगर दुसरी चढत न्हाई."

पाळी फिरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मागे या घराकडे आली तेव्हा सुमाक्कानं माती चाळून दाराशी ठेवली होती. आठ दिवस आधी तिचा नवरा गेला. घरात दुखवटा म्हणून पाळी पुढच्या घराला गेली आणि चाळलेली माती दाराशीच राहिली. आता पाळी फिरून आली होती, पण विधवेनं पाटी न्यायची नाही असा नियम. म्हणून सविता नेणार होती.

कोपऱ्यात एक पाटी झाकलेली होती. सुमाक्कानं फडकं बाजूला केलं. माती मैद्यासारखी चाळलेली. "तीनदा चाळली," ती म्हणाली आणि फडकं पुन्हा चारी बाजूंनी खोचलं.

देऊळ, शनिवार

सकाळी लवकर देवळात गेले. ज्यांनी असं देऊळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. याला हेमाडपंती म्हणतात. काळा दगड, एकावर एक खाचेत बसवलेला, मध्ये चुना नाही की माती नाही. सगळं काम वजनावर आणि तोलावर. देवळाचा तळ चौकोनी नाही. कोपऱ्यांना आणखी कोपरे पाडत नेलेला, वरून पाहिला तर चांदणीसारखा दिसेल. पुढे खांबांचा मंडप, मग अंतराळ, म्हणजे मधली अरुंद जागा, आणि चार पायऱ्या खाली उतरून गाभारा. मंडपाच्या कडेनं दगडी बाक. मध्ये नंदी. शिखर नाही, होतं की नव्हतं हे गावात कुणी सांगू शकत नाही.

खांब बघण्यासारखे आहेत. खाली चौकोन, वर अष्टकोन, मग गोल, पुन्हा चौकोन. खांबाच्या डोक्यावर चार बाजूंनी चार बुटके यक्ष, तुंदिलतनू, चार हातांनी वरची तुळई उचलून धरलेले. यांना कीचक म्हणतात. त्यांतल्या एकाचे डोळे बाहेर आलेत आणि गाल फुगलेत. शिल्पकारानं ओझं म्हणजे काय ते नेमकं पाहिलं असणार. वर छत: चौकोनात तिरका चौकोन, त्यात आणखी तिरका चौकोन असं लहान होत जातं आणि शेवटच्या दगडावर कमळ. या सगळ्यावर दरसालचा चुना. कमळाच्या पाकळ्या चुन्यानं बुजून भजी झाली आहेत.

देवळाचे शंकर गुरव पूजा आटोपून माझ्या टेपकडे बघत होते. साठीचे, बारीक, अंगावर पंचा.

"ताई, बसा."

"उंची घ्यायचीय. टेपचं हे टोक धरता का?"

त्यांनी धरलं, आणि पुढे दिवसभर सोडलं नाही. खोल्या, खांब, अंतरं सगळं उतरवून घेतलं. मग बाहेरची उंची घेतली. दुपारी बाकावर कागद पसरून छेद काढायला घेतला. छेद म्हणजे बांधकाम सुरीनं उभं कापलं तर आत जे दिसेल त्याचं चित्र. आतली उंची मांडली, छताच्या दगडाची जाडी धरली, बाहेरची उंची मांडली. जुळेना. पुन्हा मोजलं. तरी जुळेना. आतलं देऊळ संपत होतं तिथून बाहेरचं देऊळ पुरुषाच्या छातीइतकं आणखी वर जात होतं.

मी मागच्या दगडी जिन्यानं छतावर गेले. वर आपलं अंगण असावं तशी सपाट, चोपलेली पांढरी माती. कडेनं दगडांचा कठडा. खालचे थर घडीव, वरचे शेतातले ओबडधोबड, आणि सगळ्यात वर विटा. माती वाढत गेली तसा कठडाही वाढवत नेलेला. पिढ्यान्‌पिढ्या, घराघरातून, पाटी पाटी. पाऊस थोडी नेत असेल, पण टाकतात त्याहून कमीच.

पाण्यापासून वाचवायला म्हणून त्यांनी देवळावर अर्धं शेत नेऊन ठेवलं होतं. लाकडी घराला जे लागतं ते दगडी देवळाला लागत नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही. येणार कसं, सगळ्यांच्या डोक्यावर माळवदच.

संध्याकाळी सोमवारची तयारी म्हणून चार-सहा बाप्ये वर चढले आणि गवत उपटून, माती झाडू लागले. मी मंडपात होते. वर पावलं वाजली, तशी मधल्या तुळईतून माती झरली आणि नंदीच्या पाठीवर पडली. जमलेल्या बायका पुढे झाल्या. चिमटीत घेऊन कपाळाला लावू लागल्या.

"पाटी पावली!" एकजण म्हणाली. "आजच पावून राह्यला देव!"

पाटीच्या दिवशी देव नंदीच्या पाठीवर माती टाकतो, म्हणजे आपली माती त्यानं घेतली, अशी इथली समजूत. सविताच्या कपाळाला सुमाक्कानं स्वतः माती लावली. तिचा चेहरा मी क्वचितच इतका निवळलेला पाहिला होता. मलाही कुणीतरी चिमूट दिली. मी ती बोटांत चोळली. मातीत एक कपची होती. काळा दगड, पण एका बाजूला निळसर, चकचकीत. जुना दगड उन्हापावसानं मळतो. हा आत्ताच तुटला होता.

गुरवांची शिडी लावून मी तुळईपर्यंत गेले. चुना नखानं खरवडला. खालच्या अंगाला, बरोबर मधोमध, आडवी भेग.

आमच्या खात्यात भेग दिसली की तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. भेग मेलेली असेल तर काच टिकते, जिवंत असेल तर तडकते. काच कुठली आणणार? सवितानं कणकेची खळ करून दिली. कागदाची पट्टी ताणून भेगेवर चिकटवली. गुरव खाली शिडी धरून उभे.

"ताई, हे काय लावून राह्यल्या? औषध हाय का?"

"औषध नाही. ताप आहे का ते बघतेय."

रविवार

उजाडताच देवळात गेले. कागद मधोमध फाटला होता. खळ सुटलेली नव्हती, दोन्ही कडा घट्ट होत्या, फाटला होता.

मी इंजिनियर नाही, हे मी स्वतःला दहा वेळा बजावलं. देवळाला तीन प्रदक्षिणा घातल्या, भक्तीनं नव्हे. माझं चुकत असेल तर? गावाचा सण मोडायचा, बहिणीचं मन मोडायचं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्या तुळईला काहीच झालं नाही तर? पण उद्या पहिली पाटी चढली की तिच्यामागे सगळं गाव वर चढणार होतं, आणि खाली मंडपात बाकीचं गाव माती झेलायला उभं राहणार होतं.

घरी आले. सुमाक्का सविताच्या लुगड्याची निरी बघत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "कमे, तू लहानपणापासून अशीच. कुणाचं ताट वाढलं की त्यात केस शोधायची."

"आक्का, केस नाही. तुळई आहे."

"दरसाल पाटी चढती. दुसऱ्याच्या पाळीला भेग न्हवती. माझी पाळी आली की तुला भेग दिसली!"

"भेग होतीच. बघायला मी नव्हते."

"मंग औंदाच कशाला आलीस?"

"तूच बोलावलंस."

ती उठली. झाकलेल्या पाटीकडे गेली, फडकं उगाच सारखं केलं आणि पायात वहाणा न घालता बाहेर निघून गेली.

सविता चुलीपाशी होती. धपाटं उलटत हळूच म्हणाली, "मावशी, मी वर गेल्यावर पडंल का?"

"तू एकटी गेलीस म्हणून नाही पडणार. तुझ्यामागं सगळे येतील."

तिनं धपाटं ताटात टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. "खाऊन घ्या. भांडायला जायचं म्हंजी पोट भरलेलं असावं." या पोरीबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

दुपारच्या आत गुरवांनी जाणती माणसं लिंबाखाली बोलावली. मुख्य आबा, जुन्या पाटलांचं घर, पांढऱ्या मिशा, शब्दाला वजन. मी छेद पसरला, फाटका कागद दाखवला, कपची दाखवली.

आबांनी चष्मा लावून छेद पाहिला. "बाई, तुम्ही इंजिनियर हाव का?"

"नाही. इंजिनियरांचे नकाशे उतरवते."

"मंग तुमचे इंजिनियर काय म्हणत्यात?"

"रविवार आहे. ते झोपलेत."

लोक हसले. आबाही हसले. म्हणाले, "कागूद फाटला म्हणून देऊळ पडत असतं, तर आमची पंचायत कवाच पडली असती. बसा तुम्ही. ऊन लई हाय."

मी बसले नाही. गुरवांकडे वळले. "शंकरराव, तुम्ही लहान असताना पाटीच्या दिवशी नंदीवर किती माती पडायची?"

"चिमूटभर. कपाळापुरती."

"आणि गेल्या वर्षी?"

गुरवांनी आबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गेल्या साली... सूप धरलं व्हतं."

 मग मागून एकजण म्हणाला, "देव जास्ती पावून राह्यला, दुसरं काय." दोघातिघांनी बराबर, बराबर म्हणून माना डोलावल्या. आबा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सुमाक्का देवळाकडून आली. पाय धुळीनं माखलेले, बोटाला चुना.

"मी शिडीवर चढून आल्ते," ती म्हणाली. "करंगळीचं नख जातं आत. गाऱ्हाणं नगं कुणाचं, ज्याला बघायचं त्यानं बघून यावं."

"सुमनबाई, तुम्ही शिडीवर?" आबा म्हणाले.

"पहिली पाटी आमच्या घरची हाय का न्हाई?"

"हाय की."

"ती चढल्याबिगर दुसरी चढत न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी ती चढवीत न्हाई."

लिंबाखाली एकदम गलका झाला. आबांनी हात वर केला. "अशानं पाळी पुढच्या घराला जाईल बाई. मागं गेल्ती तशी."

"मागं दुखवटा व्हता. औंदा माझ्या घरात सगळे जित्ते हायेत. दुखवट्याबिगर पाळी हलल असं तुमच्याच वडलांनी कधी केलंय का? सांगा."

 नियम आबांच्या बाजूनं नव्हता, आणि नियमापलीकडचं काही बोलणारा तो माणूस नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच मला सरळ विचारलं, "मंग करायचं काय म्हणता? सोमवार तसाच जाऊ द्यायचा?"

"सोमवार जाऊ देऊ नका," मी म्हटलं. "उद्या पाट्या आणाच. रिकाम्या आणा. माती उतरवायची."

मी सुमाक्काकडे पाहिलं नाही. तिची तीनदा चाळलेली माती अजून घरी कोपऱ्यात होती.

आबा स्वतः शिडी चढून भेग बघून आले. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाले, "जल्दी करा काय ते."

घनसावंगी, रविवार दुपार

उतरवायचं तर आधी तुळईला खालून टेकू हवा. त्यासाठी बल्ल्या, म्हणजे स्लॅब टाकताना खाली उभे करतात ते लाकडी वासे. जीपनं पुन्हा घनसावंगी. यावेळी ड्रायव्हरनं माझा चेहरा बघून अर्धी भरलेली जीप सोडली.

रशीदभाई सेंट्रिंगचं काम करतात. अंगणात खाटेवर पडले होते. मी काय हवं ते सांगितलं.

"बाजी, देऊळ की घर?" ताईला ते बाजी म्हणतात.

"देऊळ. महादेवाचं."

ते उठून बसले. "किती जुनं?"

"पार जुनं. यादवांच्या वेळचं असेल."

"या अल्ला. तेव्हाचा स्लॅब अजून हाय, अन् माझा मागच्या सालचा गळून राह्यला." ते बल्ल्या निवडू लागले. वाकडी बाजूला, सरळ बाजूला. "बराबर उभी करा, तिरपी बिलकुल न्हाई. वर जाड फळी, खाली पाचरी. पाचर दोन्हीकडून ठोका, एका बाजूनं न्हाई. देव पडला तर लोक म्हणतील रशीदच्या बल्ल्या कच्च्या."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बल्ल्यांवर बसून परत आले. चार दिवसांत मी एवढीच काय ती बसले, तीही उसळत्या बल्लीवर.

छेदावरच्या मापानं कापलेल्या बल्ल्या मंडपात उभ्या केल्या तर थेट तुळईला टेकल्या, वर फळी जाईना. माझा छेद अचूक होता. फक्त मी फळीची जाडी धरली नव्हती. गुरवांच्या अंगणात चारही बल्ल्या पुन्हा बोटभर कापल्या. कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. अंधार पडायच्या आत टेकू बसले, पाचरी ठोकल्या. फुगल्या गालांचा तो कीचक बल्लीच्या अगदी शेजारी आला. गुरव त्याच्याकडे बघून म्हणाले, "आलं रं बाबा तुला कुणीतरी जोडीला."

सोमवार

वर एका वेळी सहाजणांहून जास्त नाहीत, माती सगळीकडून सारखी उतरवायची, मधे खड्डा करायचा नाही, मंडपात कुणी थांबायचं नाही, एवढं मी सांगितलं. (परत आल्यावर आमच्या इंजिनियरांना छेद दाखवला. त्यांनी पेन्सिल घेऊन टेकूंच्या जागी लोखंडी खांब दाखवले, बाकी काही खोडलं नाही. मी श्वास सोडला तो तेव्हा.)

पण गाव आलं तेव्हा नवाच पेच. नव्या लुगड्यांत बायका, हळदकुंकवानं सजवलेल्या रिकाम्या पाट्या, समोर जिना. वाजंत्री थांबलेली. चढवताना काय म्हणायचं, कोणत्या पायरीवर पाणी घालायचं, सगळं ठरलेलं. उतरवताना काय? गुरव हातात तांब्या घेऊन उभे.

"अन् ही माती न्यायची कुठं?" आबांनी विचारलं. "देवाला वाहिलेली. टाकून देता येत न्हाई."

"देवानं परत दिली म्हंजी प्रसाद," गुरव म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या माळवदावर न्यावी."

हे सगळ्यांना एकदम पटलं. पावसाच्या तोंडाला सगळ्यांनाच माती हवी होती.

गुरव आणि दोघे वर गेले. कुदळीचा पहिला घाव मऊ लागला. वरच्या थराखाली राखेचा थर, त्याखाली पिवळट, त्याखाली पुन्हा पांढरी. मधूनमधून फुटक्या बांगड्यांचे तुकडे निघत होते: हिरवे, निळे, एक-दोन अगदी जुन्या घडणीचे, जाड. हातांनी माती सारवताना फुटलेल्या. खालून एकेक तुकडा मागून घेतला जात होता.

"चल सविता," आबा म्हणाले. "पहिली पाटी तुमची. घे उतरवून."

सविता पुढे झाली, कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवली. जिन्याच्या तोंडाशी थांबली. मागे वळली आणि चुंबळ काढून पाटीसकट सुमाक्काच्या हातात दिली.

"आत्याबाई, तुम्ही घ्या."

सुमाक्का तिच्याकडे बघत राहिली. "मला न्हाई चालत. तुला ठाऊक हाय."

"चढवायला चालत न्हाई," सविता म्हणाली.

बायकांत कुजबुज झाली. आबांनी तोंड उघडलं, "अगं पण पाटी सवाष्णीनं..." आणि ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते गुरवांकडे बघत होते. गुरव वरून म्हणाले, "आबा, चढवायचा नेम हाय. उतरवायचा कुणी केलाच न्हाई."

सुमाक्कानं चुंबळ डोक्यावर ठेवली. पदर खोचला. जिना चढली, रिकामी पाटी घेऊन चढायला कुणाचीच हरकत नव्हती. गुरवांनी पाटी भरून तिच्या डोक्यावर दिली. ती एकेक पायरी बघत, मान ताठ ठेवून उतरली. वाजंत्र्यांना काय करावं कळेना. मग एकानं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी धरलं. खाली आल्यावर तिनं पाटी घरून आणलेल्या बैलगाडीत उपडी केली. धूळ उडाली, तिच्या तोंडावर, पापण्यांवर बसली. तिनं ती पुसली नाही. चाळलेल्या मातीची पाटी घरी कोपऱ्यात तशीच होती. पुढे ती कुठे गेली ते मी विचारलं नाही.

मागे बायकांची रांग लागली होती. सुमाक्का बाजूला होईल म्हणून त्या थांबल्या. मी इकडून तिकडे फिरत होते. तुळईकडे बघून यायचं होतं, टेकू बघायचे होते, वर किती माणसं आहेत ते मोजायचं होतं.

"कमे," सुमाक्कानं हाक मारली. "नुसती फिरू नको."

तिनं रिकामी पाटी माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे बोट केलं.

"वर चल. दुसरी भरून दे मला."